वसीला आणि वशिला

गेल्या महिन्यात नववीच्या वर्गावर उर्दूचा धडा घेत होतो. धड्यात 'वसीला' हा शब्द आला. फळ्यावर लिहून मी अर्थ विचारला. मागच्या बाकावरून लगेच उत्तर आलं, "सर, वशिला! नोकरीला लागतो तो." सगळा वर्ग हसला. मलाही हसू आलं. मुलाचं उत्तर चूक होतं आणि बरोबरही होतं.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. त्यामुळे एकाच शब्दाचे दोन संसार रोज बघायला मिळतात. अरबीतला 'वसीला' हा फार अदबीचा शब्द आहे. ज्याच्या आधाराने आपण कुणाच्या जवळ पोहोचतो, ते साधन म्हणजे वसीला. हा शब्द कुरआनात सूरह माइदामध्ये आला आहे आणि अज़ाननंतरच्या दुआतही आहे. फारसी दफ्तरांच्या वाटेने तो मराठीत आला, 'स'चा 'श' झाला आणि त्याची अब्रू गेली. मराठीत वशिला म्हणजे मागच्या दाराने मिळवलेली गोष्ट. लायकी नसताना खुर्चीवर बसलेल्या माणसाला आपण 'वशिल्याचं तट्टू' म्हणतो. पोहोचण्याचं साधन होतं, त्याचं घुसण्याचं साधन झालं.

घरी आल्यावरही हा शब्द डोक्यातून जाईना. आमच्या जालना जिल्ह्याचा गेल्या साठ-सत्तर वर्षांचा इतिहास या दोन अर्थांच्या मधूनच गेला आहे, असं वाटत राहिलं. सरकारच्या संशोधन केंद्रांत आपल्याच पैशातून ज्ञान तयार होतं. त्या ज्ञानापर्यंत कोण पोहोचलं, कुणाच्या ओळखीने पोहोचलं आणि कोण बाहेरच्या बाकड्यावर बसून राहिलं, त्याची ही गोष्ट आहे.

उर्दूतलं विज्ञान

सुरुवात निजामाच्या काळापासून करू. १९४८ पर्यंत आपला मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. शेतीचं संशोधन इथे स्वातंत्र्यानंतर आलं, असा पुष्कळांचा समज असतो. परभणीला १९१८ सालीच प्रायोगिक शेत सुरू झालं होतं. मराठवाड्याच्या काळ्या जमिनीतल्या गावरानी कापसाच्या निवडक जाती संस्थानाच्या शेतीखात्याने तयार केल्या. पुढे १९७२ साली परभणीला कृषी विद्यापीठ झालं, ते या जुन्या पायावर. औरंगाबादचा हिमायतबाग हा मुळात मोगल काळातला बाग. आज तिथे याच विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र आहे.

त्या काळात राज्यकारभार आणि वरचं शिक्षण उर्दूत होतं. १९१७ साली हैदराबादला 'दारुल तर्जुमा' स्थापन झालं. भौतिक, रसायन, वैद्यक, अभियांत्रिकी अशा विषयांची पुस्तकं तिथे उर्दूत येऊ लागली आणि त्यांच्या आधाराने उस्मानिया विद्यापीठ चाललं. म्हणजे उर्दू येणाऱ्याला निदान भाषेची अडचण नव्हती. पण ती सोय कुणाची होती हेही सांगायला हवं. ती शहरातल्या शिकलेल्या घरांची होती. जालन्याजवळ दोन-चार एकर कसणाऱ्या मुसलमान कुणब्याला महकमा-ए-जराअतचा अंमलदार जितका लांब, तितकाच त्याच्या बांधाला बांध असलेल्या मराठा शेतकऱ्यालाही. ज्या मराठी माणसाला उर्दू येत नव्हती, त्याच्यासाठी तर तो दुप्पट लांब. आपल्या लोकांना ती उर्दू आठवते तेव्हा हा दुसरा भागही आठवावा.

१९४८ नंतर भाषा बदलली. आधी कारभार हैदराबादहून चालला, १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १९६० साली महाराष्ट्रात. नवी दफ्तरं आली, नवी पुस्तकं आली. आमच्या आजोबांच्या पिढीला जी थोडीफार ओळख होती, तीही तुटली. ओळख ही फक्त माणसांची नसते, भाषेचीही असते. ज्या भाषेत प्रश्न विचारता येत नाही, त्या भाषेच्या दारात माणूस उभाच राहत नाही.

भेंडीचं बी

आता त्या माणसाकडे येऊ, ज्याच्यामुळे जालन्याचं नाव बियाण्यांशी जोडलं गेलं. बद्रीनारायण बारवाले. जन्म १९३०, हिंगोलीचा. तरुणपणी निजामविरोधी लढ्यात उतरलेले. नंतर जालन्याला शेती करू लागले. शेतीशास्त्राची पदवी नव्हती.

त्या वेळी भेंडीवर एक रोग होता. पानांच्या शिरा पिवळ्या पडायच्या, मग पूर्ण झाड पिवळं व्हायचं आणि भेंडी विकण्यालायक राहायची नाही. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत, म्हणजे ज्याला लोक 'पुसा' म्हणतात तिथे, हरभजन सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रोगाला दाद न देणारी जात तयार केली. बंगालमधून मिळालेलं एक भेंडीचं वाण आणि 'पुसा मखमली' यांच्या संकरातून ती आली. तिचं नाव 'पुसा सावनी'. बारवाल्यांनी या भेंडीच्या बियाण्यापासून सुरुवात केली.

सरकारी संस्था जात तयार करते, पण मूठभर. ती मूठ हजारो शेतकऱ्यांपर्यंत न्यायची तर कुणीतरी ती वाढवावी लागते आणि वाढवताना भेसळ होऊ द्यायची नाही. हे काम पाहायला सोपं आणि करायला अवघड. १९६४ साली बारवाल्यांनी जालन्याला महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी काढली. आपण जिला 'महिको' म्हणतो तीच. वेळ मोठी नेमकी होती. १९६१ साली संकरित मक्याचे पहिले वाण आले होते, त्यातल्या एकाचं नाव 'डेक्कन'. १९६३ साली राष्ट्रीय बीज महामंडळ झालं. १९६४ साली संकरित ज्वारी 'सीएसएच-१' आली आणि १९६५ साली लुधियानाहून दिलबागसिंग अठवाल यांची संकरित बाजरी 'एचबी-१'. हे सगळं सरकारी संशोधन होतं, रॉकफेलर फाउंडेशनच्या शास्त्रज्ञांची त्याला साथ होती. त्याचे पालक वाण घेऊन बियाणं तयार करायला खाजगी माणसाला बंदी नव्हती. पण किती जणांना ते जमलं?

का जमत नव्हतं, ते ज्वारीच्या उदाहरणाने सांगतो. संकरित बियाण्यासाठी दोन वाण शेजारी लावायचे, एक मादी आणि एक नर. सीएसएच-१ मध्ये मादी अमेरिकेतून आलेल्या वाणाची. तिच्यात स्वतःचे परागकण तयारच होत नाहीत. तिने नराचा पराग घ्यायचा, म्हणजे दोघांना एकाच वेळी फुलोरा यायला हवा. पण दोन वाणांची फुलोऱ्याची चाल वेगळी असते. एक लवकर फुलतं, दुसरं मागे राहतं. मग एकाची पेरणी काही दिवस पुढे-मागे करायची. किती दिवस, ते जमिनीवर, हंगामावर, पाण्यावर ठरतं. शेजारच्या शेतातली साधी ज्वारी किती लांब हवी, वेगळं दिसणारं ताट कधी उपटून टाकायचं, मळणीच्या वेळी दाणा किती सुकलेला हवा, असे शंभर प्रश्न. त्यातले अर्धे पुस्तिकेत असतात. उरलेल्या अर्ध्यांची उत्तरं, ज्याने ते वाण स्वतः वाढवून पाहिलं आहे, त्याच्या डोक्यात असतात. तो माणूस तुमच्या शेतात येऊन कणीस हातात धरतो, तेव्हा ती बाहेर येतात.

इथे ओळखीचं काम सुरू होतं. बारवाल्यांचा दिल्लीच्या, हैदराबादच्या आणि रॉकफेलरच्या शास्त्रज्ञांशी संबंध आला आणि तो टिकला. बियाणं अर्ज करून मिळतं. पण शास्त्रज्ञाचा वेळ, त्याचा सल्ला, "अरे, असं नको, तसं करून बघ" हे सांगणं, हे कुठल्याच अर्जात बसत नाही. शास्त्रज्ञाला याची गरज नव्हती असंही नाही. आपण जन्माला घातलेली जात शेतात पोहोचावी ही त्याचीही भूक असते. संस्थेच्या आवारात पडून राहिलेल्या जातीचं दुःख त्यालाच माहीत. त्याला शेतात घाम गाळणारा माणूस हवा होता आणि जालन्याच्या माणसाला जाणता हवा होता.

शास्त्रज्ञांचं आपसातलंही असंच चालतं. एचबी-१ बाजरीची मादी होती 'टिफ्ट २३ ए'. ती अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात टिफ्टन या गावी ग्लेन बर्टन यांनी तयार केली होती. ते बी त्यांनी भारतातल्या शास्त्रज्ञांना मोकळ्या हाताने दिलं. एका शास्त्रज्ञाने दुसऱ्यावर ठेवलेल्या विश्वासातून आपल्या कोरडवाहू भागातली बाजरी बदलली. पुढे सत्तरच्या दशकात त्या बाजरीवर गोसावी रोग पडला आणि नवी वाणं शोधावी लागली, हा भाग वेगळा. पण मूळ बी आलं ते वसीलानेच, आणि इथे मी हा शब्द उर्दूतल्या अर्थाने वापरतो आहे.

बारवाल्यांना १९९८ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, २००१ साली पद्मभूषण. २०१७ च्या जुलैमध्ये ते गेले. जुन्या लोकांच्या तोंडी 'जालना, सोने का पालना' ही म्हण होती. ती ऐकताना लोकांच्या डोळ्यांपुढे बाजारपेठ यायची. आता त्या पाळण्यात बी आलं.

अम्मीची सकाळ

या इतिहासात आमचं घरही एका कोपऱ्यात आहे. मी लहान असताना अम्मी आणि मोहल्ल्यातल्या चार-पाच बायका कपाशीच्या बीजोत्पादनाच्या शेतात मजुरीला जायच्या. ट्रॅक्टर पहाटे कोपऱ्यावर यायचा. त्या कामाला सगळे 'क्रॉसिंग' म्हणायचे. माझ्या नानीने हा इंग्रजी शब्द इतका आपला केला होता की ती 'किरासिंग' म्हणायची आणि तो उर्दूच आहे असं तिला वाटायचं.

काम असं. दुपारनंतर, उद्या उमलणार अशी कळी ओळखायची. नखाने तिच्या पाकळ्या आणि पुंकेसर अलगद सोलून काढायचे, मधली नाजूक काडी दुखावू द्यायची नाही. ओळखू यावी म्हणून वर कागद अडकवायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत नराची फुलं तोडून आणायची आणि त्यांचा पराग त्या सोललेल्या काडीवर फिरवायचा. एका नरफुलात चार-पाच कळ्या होतात. मग देठाला दोरा बांधायचा. दिवसाला शेकडो कळ्या. अम्मीची अंगठ्याची नखं हंगामभर हिरवी-काळी असायची. रमज़ानमध्ये हंगाम आला की रोज़ा ठेवून त्या हेच काम करायच्या.

हाताने असा संकर करून कपाशीचं बियाणं बाजारात आणता येतं, हे पहिल्यांदा दाखवलं ते सुरतच्या सरकारी केंद्रातल्या सी. टी. पटेल यांनी, १९७० साली. त्या वाणाचं नाव 'संकर-४'. आमच्या मराठवाड्यात पुढे गाजलं ते नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचं 'एनएचएच-४४', लोकांच्या भाषेत 'नांदेड चव्वेचाळीस'. म्हणजे अम्मीच्या नखाखाली जे होतं ते सरकारी संशोधन होतं. तिला ते कुणी सांगितलं नाही. कळी का सोलायची, पराग सकाळीच का फिरवायचा, हेही कुणी सांगितलं नाही. कशी सोलायची एवढंच सांगितलं. तिच्या हातात कला आली आणि मजुरी आली. त्यामागचं शास्त्र तिच्यापर्यंत आलं नाही. ज्याच्या नावावर जमीन होती त्याच्याकडे कंपनीचा माणूस यायचा, बांधावर उभा राहून बोलायचा. बायका वाकलेल्या असायच्या.

मी हे कुणावर राग धरून लिहीत नाही. त्या मजुरीवर माझी वह्या-पुस्तकं आली. पण ज्ञान ओळखीने येतं तेव्हा ते कुठपर्यंत येऊन थांबतं, हे मला तिथे दिसलं. दिल्लीहून जालन्याला आलं, जालन्याहून शेतमालकापर्यंत आलं आणि बांधावर थांबलं.

याची दुसरी बाजूही इतिहासात आहे. २००२ साली बीटी कपाशी आली. तिच्यातलं जनुकाचं तंत्र परदेशी कंपनीचं होतं, ते महिकोच्या भागीदारीतून भारतात आलं. सुरुवातीच्या काळात ४५० ग्रॅमच्या पाकिटाला १६०० रुपयांच्या वर मोजावे लागत. २००६ साली आंध्र सरकारने भांडून ती किंमत ७५० वर आणली. भेंडीच्या त्या बियाण्यापासून या पाकिटापर्यंतचा प्रवास चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा. सुरुवातीला ज्ञान सार्वजनिक होतं आणि ओळख खाजगी. शेवटी ज्ञानच खाजगी झालं. अशा वेळी सरकारी संशोधन केंद्राचं दार आपल्यासाठी अधिक महत्त्वाचं होतं. त्या दाराकडे आपण किती वेळा गेलो?

बाकडं

आता माझ्या डोळ्यांसमोरची गोष्ट. आमच्या गल्लीत एक बागवान चाचा आहेत. बागवानांचा धंदा तुम्हाला माहीत आहे. मोसंबीचा बाग झाडावरच विकत घ्यायचा, तोडायचा, बाजारात न्यायचा. फळ बघून वजन सांगतील, झाड बघून भाव सांगतील. चाचांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे बाग घेतले आणि उतारवयात स्वतःची दोन एकर मोसंबी लावली. २०१२-१३ च्या दुष्काळात जिल्ह्यातले कितीतरी बाग वाळले, लोकांनी कुऱ्हाड लावली. चाचांनी टँकरने पाणी घालून आपली झाडं जगवली. दुष्काळातून वाचलेली ती झाडं काही वर्षांनी चांगल्या पावसात मरायला लागली. बुंध्यातून डिंक वाहायचा, पानं पिवळी पडायची, फांद्या शेंड्याकडून वाळायच्या.

चाचांनी दुकानदाराला विचारलं. त्याने तीन बाटल्या दिल्या. फरक पडला नाही. मग कुणीतरी सांगितलं म्हणून ते एका कार्यालयात गेले. "साहेब दौऱ्यावर आहेत." बाकड्यावर बसले, दुपारी परत आले. दुसऱ्यांदा गेले तेव्हाही तेच. तिसऱ्यांदा गेले नाहीत. मला म्हणाले, "मास्टर, वहाँ अपना कौन है?"

हा प्रश्न आपल्या मोहल्ल्यात फार ऐकू येतो. रेशनच्या ऑफिसात, दवाखान्यात, तहसीलमध्ये, "वहाँ अपना कौन है?" आधी 'अपना' शोधायचा, मग पाऊल टाकायचं. माझ्या बी.एड.च्या वर्गातल्या एका मित्राचा भाऊ शेतीच्या संशोधनात नोकरीला आहे, हे मला आठवलं. फोन केला. रविवारी तो स्वतःच्या मोटारसायकलवर आला.

त्याने बाटल्यांकडे पाहिलंही नाही. बुंध्याजवळ बसला, हाताने माती उकरली, मुळाची साल नखाने सोलली आणि वास घेतला. साल ओली आणि कुजलेली होती. "चाचा, पाणी कुठून देता?" चाचांनी दाखवलं. पाणी थेट बुंध्याशी साचत होतं. दुष्काळात एक थेंबही वाया जाऊ नये म्हणून त्यांनी बुंध्याशीच आळं केलं होतं आणि पाऊस आल्यावरही तेच ठेवलं होतं. जी गोष्ट दुष्काळात झाडाला जगवत होती, तीच पावसाळ्यात मारत होती. जमिनीतल्या बुरशीला ओलं खोड मिळालं की ती सालीत शिरते. याला डिंक्या म्हणतात.

त्याने सांगितलं ते सगळं साधं होतं. दुहेरी आळं करा, आतल्या आळ्यात खोडाभोवती मातीची भर आणि पाणी फक्त बाहेरच्या आळ्यात. रोगट साल खरवडून काढा. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी यांची बोर्डो पेस्ट करून खोडाला लावा. शेणखतात ट्रायकोडर्मा मिसळून द्या. पाणी साचतं तिथे चर काढा. पुढच्या वेळी कलम घेताना खुंट रंगपूर लिंबाचा आहे का ते बघा आणि कलमाचा जोड मातीत गाडू नका. चहा घेतला, पैसे घेतले नाहीत. जाताना म्हणाला, "यात नवीन काहीच नाही. हे सगळं छापलेलं आहे. बदनापूरला मोसंबीचं संशोधन केंद्रच आहे, तिथे कुणीही जाऊ शकतं."

बदनापूर आमच्या जिल्ह्यातलंच तालुक्याचं गाव. तुरीच्या 'बीडीएन' नावाच्या जाती तिथल्याच, ती अक्षरं बदनापूरचीच. तूर पेरणाऱ्याने पिशवीवर ती अक्षरं शंभरदा वाचलेली असतात. चाचा आयुष्यभर त्या रस्त्याने मोसंबीचे ट्रक घेऊन गेले. केंद्राची पाटी त्यांनी कितीदा पाहिली असेल. आत जाता येतं हे त्यांना ठाऊक नव्हतं.

काही झाडं गेली, बरीच वाचली. चाचा मला दुआ देतात. पण मला त्या रविवारची थोडी लाज वाटते. माझ्या एका फोनने जे झालं, ते चाचांच्या दोन हेलपाट्यांनी झालं नाही. मी वसीला झालो की वशिला लावला?

कडवंचीचा धडा

याचं उत्तर मला आमच्याच जिल्ह्यात सापडतं. जालना तालुक्यात कडवंची नावाचं गाव आहे. १९९६ पासून तिथे इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून काम झालं. मराठवाडा शेती साहाय्य मंडळ आणि खरपुडीचं कृषी विज्ञान केंद्र त्यात होतं आणि विजयअण्णा बोराडे यांचं नाव त्या कामाशी कायमचं जोडलेलं आहे. डोंगरापासून पायथ्यापर्यंत चर, बांध, नाल्यांचे उपचार, मग शेततळी, मग ठिबक, मग द्राक्षबागा. हैदराबादच्या कोरडवाहू शेती संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्या गावाचा अभ्यास केला. २०१२ च्या दुष्काळात आजूबाजूला टँकर फिरत असताना कडवंचीचे द्राक्षबाग उभे होते.

लोक कडवंचीला जाऊन शेततळी बघतात. मला तिथली आणखी एक गोष्ट मोठी वाटते. कृषी विज्ञान केंद्र ही कल्पनाच मुळी ओळखीचा प्रश्न सोडवण्यासाठी आहे. देशातलं पहिलं केंद्र १९७४ साली पुदुच्चेरीला झालं. शास्त्रज्ञ विद्यापीठात बसणार आणि शेतकरी गावात, तर मधे असं ठिकाण हवं जिथे दोघांची गाठ ठरलेली असेल. खरपुडीला दर महिन्याला शेतकरी आणि शास्त्रज्ञ यांचं चर्चासत्र होतं. तिथे कुणाच्या चिठ्ठीची गरज नसते. तुम्ही चार महिने सलग गेलात की शास्त्रज्ञ तुम्हाला नावाने ओळखतो आणि पाचव्या महिन्यात तुमच्या बागेत येतो. म्हणजे ओळख इथेही लागतेच, पण ती कमावता येते. कुणाचा भाऊ असावं लागत नाही.

बारवाल्यांनी ती ओळख स्वतःच्या हिमतीने कमावली, त्याबद्दल त्यांना सलामच आहे. पण एक माणूस हिमतीने दारापर्यंत जातो तेव्हा इतिहास एका माणसाचा होतो. महिन्यातला एक दिवस सगळ्यांसाठी ठरतो तेव्हा गावाचा इतिहास होतो. माझ्यापुरता मी फरक असा करतो: मी आत गेल्यावर दार माझ्यामागे बंद झालं तर तो वशिला. माझ्यामागून दुसरा कुणी विचारत विचारत आत येऊ शकला तर तो वसीला.

आपल्या लोकांसाठी

आता थोडं आपल्या मोहल्ल्याबद्दल बोलतो. आपल्याला डावललं जातं ही तक्रार आपण करतो आणि पुष्कळ ठिकाणी ती खरी आहे. पण परभणीच्या विद्यापीठात वर्षातून दोनदा शेतकरी मेळावा भरतो, १८ मे रोजी खरिपाचा आणि १७ सप्टेंबरला रब्बीचा. तिथे बियाणं मिळतं, शास्त्रज्ञ समोर बसलेले असतात, दारावर कुणी नाव विचारत नाही. मी गेल्या वर्षी गेलो तेव्हा गर्दीत आपल्या टोप्या शोधत होतो. फार कमी दिसल्या. १७ सप्टेंबर या तारखेशी आपल्या घरांच्या काही जुन्या, कडू आठवणी जोडलेल्या आहेत, मला माहीत आहे. पण त्या दिवशी परभणीत बियाणं वाटलं जातं, हेही आपल्या घरांत माहीत असायला हवं.

बाकड्यावर बसवणाऱ्यांनाही एक सांगणं आहे. चाचा तिसऱ्यांदा आले नाहीत, याचा अर्थ त्यांचा प्रश्न सुटला असा होत नाही. ज्याचं 'अपना कौन' तिथे नाही, त्याच्यासाठीच ते कार्यालय उघडलेलं आहे. बाकीचे फोन करतातच.

मित्राच्या भावाच्या त्या रविवारनंतर चाचांमध्ये एक बदल झाला. ते एकटेच बदनापूरला जाऊन आले. कुजलेलं मूळ प्लास्टिकच्या पिशवीत बांधून नेलं होतं. मला न सांगता गेले, हे मला जास्त आवडलं. आता गल्लीत कुणाच्या लिंबाला, डाळिंबाला काही झालं की चाचा म्हणतात, "पान तोडून आण, मुळी उकरून आण, मी नेतो सोबत." आधी विचारायचे, वहाँ अपना कौन है. आता तिथले 'अपने' तेच झाले आहेत.

नववीच्या वर्गात मी शेवटी काय केलं, ते सांगून थांबतो. फळ्यावर दोन्ही शब्द शेजारी लिहिले, एक उर्दूत, एक मराठीत. मग मुलांना घरचा अभ्यास दिला. घरात शेती असेल तर शेतीचा, नसेल तर अब्बांच्या धंद्याचा, गॅरेजचा, शिलाईचा, बेकरीचा, असा एक प्रश्न लिहून आणा, ज्याचं उत्तर घरात कुणालाच येत नाही. अडतीस वह्या आल्या. एकीने लिहिलं होतं, "आमच्या बकऱ्या पावसाळ्यातच का मरतात?" एकाने लिहिलं, "पाव कधी कधी मधून कच्चा का राहतो?" प्रत्येक प्रश्नाखाली मी एका सरकारी संस्थेचं नाव लिहितो आहे, जिथे त्याचं उत्तर देणारा कुणीतरी बसलेला आहे. शेतीच्या प्रश्नांखाली किसान कॉल सेंटरचा फुकट नंबरही लिहिला, १८००-१८०-१५५१. पत्र मात्र मुलांनी स्वतः लिहायचं, मराठीत, स्वतःच्या नावाने. माझी सही खाली घालायची नाही, असं सांगितलं आहे.

बकरीवाल्या मुलीने विचारलं, "सर, ओळख नसताना ते उत्तर देतील?"

मी म्हटलं, "पत्र लिहिलंस की ओळख झालीच."